परदेशी नोकरीसाठी डिजिटल ठसे: येण्यापूर्वी एवढं वाचा

अमेरिकेत शिकून, थोडी वर्षं नोकरी करून परत आलेली मंडळी आता बडोद्यात पुष्कळ आहेत. पुढे दुसऱ्या देशात नोकरी ठरली, की कागदपत्रांच्या यादीत अमेरिकेचा पोलीस दाखला, म्हणजे तिथे तुमच्या नावावर गुन्ह्याची नोंद आहे की नाही ते सांगणारा कागद, निघतो. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसासाठी तर गेल्या 10 वर्षांत ज्या ज्या देशात 12 महिने किंवा जास्त राहिलात, तिथला दाखला लागतो. भारताचा असा दाखला (पीसीसी) पासपोर्ट ऑफिसातून मिळतो, त्यासाठी आमच्याकडे यायला नको. अमेरिकेचा दाखला तिथली केंद्रीय तपास संस्था एफबीआय देते, आणि तो बोटांच्या ठशांवरून. हे ठसे आम्ही रावपुऱ्यातल्या आमच्या दुकानात घेतो.

एफबीआयच्या एफडी-258 कार्डावर ठशांच्या 14 चौकटी असतात. आधी दहाही बोटं एकेक करून, नखाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवून. मग दोन्ही हातांची चार-चार बोटं एकत्र आणि दोन अंगठे, नुसते सपाट टेकवून. फिरवताना मधल्या बोटाच्या जागी अनामिका पडली, तर ती चूक या सपाट ठशांवरून उघडी पडते.

आम्ही शाई वापरत नाही. बोट यंत्राच्या काचेवर ठेवायचं. कातडीची उंच रेघ जिथे टेकते तिथे काळं उमटतं, मधली खाच पांढरी राहते. इंचाला 500 ठिपके या बारकाईने चित्र निघतं आणि ते लगेच पडद्यावर दिसतं. ठसा पुसट आला तर तिथल्या तिथे दुसरा घेता येतो. शाईच्या कार्डातला दोष बहुतेक वेळा कार्ड अमेरिकेत पोहोचल्यावरच कळतो, आणि तोवर तुमचे आठवडे गेलेले असतात.

तरीही यंत्रापेक्षा बोटं महत्त्वाची, हे आम्ही प्रत्येकाला सांगतो. नंदेसरीला केमिकलमध्ये काम करणाऱ्यांच्या, सिमेंट हाताळणाऱ्यांच्या, वय झालेल्यांच्या बोटांवरच्या रेघा झिजलेल्या असतात. अशांनी आठ-दहा दिवस आधीपासून रोज रात्री हातांना खोबरेल तेल चोळावं. येण्याच्या दिवशी मात्र तेल, क्रीम काही नको. चीर किंवा फोड असेल तर बरा होऊ द्या. घरात लग्न असेल तर मेंदीच्या आधी या; गडद मेंदीवर ठसा कधीकधी नीट येत नाही. एखादं बोट नसेल तर काळजी नको, त्या चौकटीत तशी नोंद करतात.

ठसे देताना हात अगदी सैल सोडा. बहुतेक जण मदत म्हणून स्वतःच बोट दाबतात, आणि दाबलं की रेघा एकमेकींत मिसळून नुसता काळा डाग उमटतो. "काकू, हात माझ्याकडे सोडा, तुम्ही समोर बघा," असं आमची मुलगी म्हणेल, तेवढं ऐका. अंगठा अंगाकडे आणि बाकीची बोटं अंगापासून दूर फिरवतात, म्हणजे मनगटाला ताण पडत नाही.

कार्डावरची माहिती पासपोर्टप्रमाणेच भरा. लग्नानंतर नाव-आडनाव बदललं असेल, तर माहेरचं नाव इतर नावांच्या रकान्यात आलंच पाहिजे. अमेरिकेत तुम्ही त्याच नावाने राहिला असाल. जन्मतारखेत आधी महिना, मग दिवस: 3 ऑगस्ट म्हणजे 08/03. उंची फूट-इंचांत, वजन पौंडांत. सही घरून करून आणू नका, ती आमच्यासमोर करायची असते.

"आधारला ठसे दिलेच आहेत, तेच पाठवा ना," असं पुष्कळ जण म्हणतात. ते होत नाही. आधारचे ठसे कुठल्याही कारणासाठी कुणालाही द्यायला कायद्यानेच मनाई आहे, आणि ती असावी असंच आम्हाला वाटतं.

एफबीआयची फी 18 डॉलर आहे. अर्ज त्यांच्या साइटवर करता येतो, निकालही ईमेलने येतो, पण कार्ड वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला पाठवावं लागतं. ही फी तुम्ही स्वतःच भरा, आमच्याकडे देऊ नका. दाखल्यात काय येईल ते सर्वस्वी एफबीआयचं काम. "क्लिअर दाखला काढून देतो" म्हणणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका.

कार्डाच्या दोन प्रती छापून घ्या, एक टपालात गहाळ झाली तर दुसरी हाताशी असते. छपाई झाली की तुमच्या ठशांची फाइल आम्ही तुमच्यासमोरच संगणकातून काढून टाकतो. ते बघूनच जा. येताना मूळ पासपोर्ट आणा. झेरॉक्सवर ठसे घेत नाही.