स्मार्टफोनची बॅटरी : टिकाव आणि आयुर्मान

स्मार्टफोनची बॅटरी एका चार्जिंगवर जास्त तास चालावी आणि तिची साठवणक्षमता जास्त वर्षे शाबूत राहावी, यासाठी करायचे उपाय आणि त्यांमागचे शास्त्र. हे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर फोन वीज कशावर खर्च करतो यात सापडते, दुसऱ्याचे बॅटरीच्या पोटात चालणाऱ्या रासायनिक क्रियांत. प्रचलित सल्ल्यांत दोहोंची सर्रास सरमिसळ होते, आणि तिने नुकसानही होते. कारण कधीकधी एका प्रश्नावरचा उपाय दुसऱ्याच्या आड येतो. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवले तर बॅटरीची वर्षे वाढतात, पण त्या दिवसापुरता फोन लवकर मान टाकतो.

रचना व कार्य : आजच्या जवळजवळ सर्व स्मार्टफोनमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. तिचा पाया एम. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी १९७० च्या दशकात घातला. जॉन बी. गुडइनफ यांनी १९८० मध्ये लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचे धन अग्र (बॅटरीतला धन इलेक्ट्रोड) पुढे आणले, तर अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये ऋण अग्रासाठी कार्बनचा पदार्थ वापरून व्यवहारात चालेल असा सुरक्षित घट (सेल) तयार केला. सोनी कंपनीने १९९१ मध्ये ही बॅटरी बाजारात आणली. या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

फोनच्या घटात धन अग्र बहुधा लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचे आणि ऋण अग्र ग्रॅफाइटचे असते. दोहोंमध्ये सच्छिद्र पडदा आणि लिथियमचा क्षार विरघळवलेले इलेक्ट्रोलाइट, म्हणजे आयन वाहून नेणारे द्रावण, असते. चार्जिंगच्या वेळी लिथियम आयन धन अग्रातून निघून ग्रॅफाइटच्या थरांत शिरतात. फोन वापरताना ते माघारी येतात आणि इलेक्ट्रॉन बाहेरच्या मंडलातून जाताना फोन चालवतात. घट रिकामा होत आला की त्याचा विद्युत दाब (व्होल्टेज) ३ व्होल्टच्या जवळ येतो, पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट होतो. अलीकडच्या घटांत तो ४.४ व्होल्टच्याही आसपास नेतात. जितका दाब वाढवावा तितकी जास्त वीज मावते, पण झीजही त्याच प्रमाणात सोसावी लागते.

जाहिरातीत बॅटरीची क्षमता एमएएचमध्ये (मिलिअँपिअर-तासांत) सांगतात. ५,००० एमएएचच्या, सरासरी ३.८५ व्होल्ट दाबाच्या बॅटरीत सुमारे १९ वॅट-तास ऊर्जा असते. ९ वॅटचा एलईडी दिवा तिच्यावर जेमतेम दोन तास जळेल. एवढ्याशा साठ्यावर फोन चोवीस तास काढतो, याचा अर्थ त्याचा सरासरी खर्च एका वॅटहूनही कमी आहे. म्हणूनच मागे गुपचूप चालणारे एखादे अ‍ॅप अर्धा वॅट खाऊ लागले तरी दिवसाचे गणित कोलमडते.

झीज कशी होते : बॅटरी पहिल्यांदा चार्ज होते तेव्हाच ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोलाइटच्या विघटनातून एक अतिसूक्ष्म पापुद्रा तयार होतो. तो नसता तर बॅटरी चाललीच नसती, कारण पुढचे विघटन तोच रोखून धरतो. पण तो पुरता अभेद्य नसतो. हळूहळू जाड होत जातो आणि वाढताना लिथियम गिळतो. असे अडकलेले लिथियम पुन्हा कामाला येत नाही. शिवाय आयन आत शिरले की ग्रॅफाइट सुमारे दहा टक्के फुगते आणि ते बाहेर पडले की आकसते; या हालचालीत पापुद्र्याला तडे जातात, तडे भरून काढायला आणखी लिथियम खर्ची पडते. वरच्या दाबाला धन अग्राच्या बाजूनेही इलेक्ट्रोलाइट बिघडू लागते.

त्यामुळे बॅटरी वापरल्याने झिजते तशीच नुसती पडून राहिल्यानेही झिजते. खपलेली वीज एकूण क्षमतेइतकी झाली की एक आवर्तन पूर्ण झाले असे मोजतात. आज निम्मी आणि उद्या निम्मी वापरून पुन्हा भरली, तर दोन दिवसांत एकच आवर्तन. चार्जर कितीदा जोडला याला त्या हिशेबात काही महत्त्व नाही. अ‍ॅपलच्या सांगण्यानुसार आयफोन १४ पर्यंतच्या फोनची बॅटरी आदर्श परिस्थितीत ५०० आवर्तनांनंतर आणि आयफोन १५ मालिकेपासून १,००० आवर्तनांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के उरेल अशी घडवलेली असते. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनी स्मार्टफोनसाठी ८०० आवर्तनांनंतर किमान ८० टक्क्यांची अट घातली आहे. तिथल्या ऊर्जा-लेबलवर एका चार्जिंगमागे किती तास आणि एकूण किती आवर्तने, हे दोन आकडे स्वतंत्रपणे छापावे लागतात. ग्राहकाच्या मनातला गोंधळ मिटवायला एवढी एक सोय पुरेशी आहे.

उष्णता : बॅटरीची वर्षे वाढवायची तर सगळ्या उपायांत पहिला मान उष्णता टाळण्याला द्यावा लागेल. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो हा रसायनशास्त्रातला जुना ठोकताळा. नको असलेल्या क्रियाही त्याला अपवाद नाहीत. अ‍ॅपल आपल्या फोनच्या वापरासाठी सभोवतालचे तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस असावे असे सांगते. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत पारा याच्या कितीतरी वर चढतो. काचेमागे अडकवलेला फोन तिथे एकाच वेळी नकाशा दाखवतो, चार्ज होतो आणि उन्हात भाजतो. बॅटरीला याहून वाईट दिवस दाखवणे अवघड आहे.

जड गेम खेळता खेळता चार्ज करणे, उशीखाली किंवा पांघरुणात फोन चार्जिंगला ठेवणे, वायरलेस चार्जरवर तो नेमका न बसणे ही उष्णतेची इतर नेहमीची कारणे. वायरलेस चार्जिंगमध्ये काही वीज उष्णता होऊन वाया जातेच, फोन तिरका ठेवला की ती आणखी वाढते. हाताला चटका जाणवत असेल तर जाड कव्हर काढून फोन सावलीत ठेवावा. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नये, आत बाष्प धरण्याची भीती असते.

थंडीची बाब निराळी आहे. गारठ्यात बॅटरीचा अंतर्गत रोध, म्हणजे विजेला होणारा आतला अडथळा, वाढतो आणि २० टक्के दाखवणारा फोनही अचानक बंद पडतो, पण उबेत आणला की बहुतेक पूर्ववत होतो. गोठणबिंदूखाली चार्ज करणे मात्र खरेच घातक. ग्रॅफाइटमध्ये शिरायला आयनांना वेळ मिळत नाही आणि त्याच्या पृष्ठभागावर धातुरूप लिथियमचा थर बसतो. म्हणूनच फार थंड असताना अनेक फोन चार्जिंग मंद करतात किंवा थांबवतात.

चार्जिंगची पातळी : ‘२० ते ८० टक्क्यांत ठेवा’ हा सल्ला निराधार नाही. पूर्ण भरलेला घट वरच्या दाबावर तासन्‌तास राहिला की झीज वेगाने होते, आणि सोबत उष्णता असेल तर अधिकच. रात्रभर चार्जिंगला लावलेला फोन जादा वीज पीत नाही, भरला की त्यातले नियंत्रण मंडल पुरवठा तोडते. तोटा होतो तो पहाटेपर्यंत शंभरावर ताटकळत राहण्याचा. यावर तोडगा म्हणून अ‍ॅपलने २०१९ मध्ये आयओएस १३ सोबत ८० टक्क्यांवर थांबून उठण्याच्या वेळेला उरलेले भरणारी सोय दिली. अँड्रॉइड फोनमध्येही आता अशा सोयी आणि ८० टक्क्यांची पक्की मर्यादा आढळते. ती एकदा सुरू करून विसरून जावे. दर तासाला टक्के बघत बसणे म्हणजे नोकरासाठी धन्याने राबणे. प्रवासाला निघताना बेलाशक शंभर टक्के भरावी. भरून लगेच वापरलेल्या बॅटरीचे फारसे बिघडत नाही.

खालच्या टोकालाही ताण असतो. फोन शून्य दाखवून बंद पडतो तेव्हा घटात थोडी वीज राखलेली असते, पण तशाच अवस्थेत तो महिनोन्‌महिने पडून राहिला तर घट अतिरिक्त रिकामा होऊन कायमचा निकामी होऊ शकतो. जुना फोन कपाटात ठेवायचा असेल तर निम्मा चार्ज करून, बंद करून, गार जागी ठेवावा आणि सहा महिन्यांनी पुन्हा निम्मा भरावा.

जलद चार्जिंगबद्दलची धास्ती मात्र वाजवीपेक्षा जास्त आहे. चार्जरवर लिहिलेले वॅट बॅटरी पूर्ण वेळ घेत नाही. सुरुवातीला जोराचा प्रवाह घेते, मग ठरावीक दाब गाठला की प्रवाह उतरत जातो. शेवटचे २० टक्के रेंगाळतात ते याच कारणाने. अनेक जलद फोनमध्ये बॅटरी दोन घटांत विभागून भार वाटून घेतात. त्यातही फोन तापत असेल तर रात्री साधा चार्जर लावणे शहाणपणाचे.

रोजचा खर्च : सर्वांत मोठा खर्च बहुधा स्क्रीनचा. तिचा उजळपणा (ब्राइटनेस) कमी करणे हा एकच उपाय इतर डझनभर सेटिंगांना भारी पडतो. ओएलईडी स्क्रीनवर काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका, त्यामुळे डार्क मोडचा फायदा खरा आहे, पण तो उजळपणावर अवलंबून असतो. पर्ड्यू विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये केलेल्या मोजणीत ३० ते ५० टक्के उजळपणाला बचत सरासरी ३ ते ९ टक्केच निघाली. पूर्ण उजळपणाला ती ३९ ते ४७ टक्के होती. घरात बसून डार्क मोड लावणाऱ्याच्या पदरात म्हणूनच फारसे पडत नाही. एलसीडी स्क्रीनमागचा दिवा तर काळ्या चित्रालाही जळतच असतो.

दुसरा मोठा खर्च रेडिओचा. टॉवर लांब असला की फोन जास्त शक्तीने ओरडतो आणि पुन्हा पुन्हा नेटवर्क शोधतो. रेंज नसलेल्या भागात फोन खिशात पडल्यापडल्या उतरतो तो त्यामुळे. तिथे विमान मोड लावणे हाच इलाज. ब्लूटूथ बंद करून वाचणारी वीज त्यापुढे किरकोळ असते. स्क्रीनचा रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा नव्याने काढायचे तो वेग) कमी करणे, अ‍ॅपना स्थानाची परवानगी फक्त वापरापुरती देणे, बॅटरी सेटिंगमध्ये सर्वाधिक खाणारे अ‍ॅप शोधून त्याला आवर घालणे, हे उपयोगी पडते. उघडलेली सर्व अ‍ॅप सतत बोटाने उडवून लावण्याची सवय मात्र निष्फळ आहे. पडद्यामागची अ‍ॅप प्रणालीने बहुधा गोठवलेलीच असतात (अँड्रॉइडमध्ये २०१५ च्या ६.० आवृत्तीपासून ‘डोझ’ ही व्यवस्था पडून असलेल्या फोनची कामे लांबवते), आणि ती नव्याने उघडायला उलट जास्त वीज लागते.

जुने समज : बॅटरी पूर्ण उतरवूनच चार्ज करावी हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला. लिथियम-आयनला तो अपायकारक ठरतो. क्वचित एकदा पूर्ण उतरवून पूर्ण भरल्याने टक्क्यांचा अंदाज बांधणारे मापक ताळ्यावर येते, बॅटरी सुधारत नाही. नवा फोन आधी आठ तास चार्ज करण्यालाही अर्थ उरलेला नाही.

बॅटरी म्हातारी झाल्यावर : क्षमता घटते तसा अंतर्गत रोध वाढतो आणि एकदम जोराची मागणी आली की दाब कोसळतो. असे अचानक बंद पडणे टाळण्यासाठी अ‍ॅपलने जानेवारी २०१७ च्या आयओएस १०.२.१ मध्ये जुन्या बॅटरीच्या काही फोनचा कमाल वेग मर्यादित केला. ही गोष्ट डिसेंबर २०१७ मध्ये उघड झाल्यावर कंपनीला जाहीर माफी मागावी लागली आणि वॉरंटीबाहेरच्या बॅटरी बदलाची किंमत ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणावी लागली. अनेकांचे ‘जुने’ झालेले फोन नव्या बॅटरीने पुन्हा चपळ झाले, हे त्या प्रकरणातून सर्वांना कळले. क्षमता ८० टक्क्यांखाली गेली की फोन टाकून देण्याआधी बॅटरी बदलण्याचा विचार करावा.

बिघडलेल्या घटात वायू साठून तो फुगतो, मागचे झाकण किंवा स्क्रीन उचलली जाते. असा फोन चार्ज करू नये, दाबू नये, टोचू तर मुळीच नये. बंद करून दुरुस्ती केंद्रात द्यावा. सुटी बॅटरी कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनात द्यावी.

नवे घट : ग्रॅफाइटच्या एका ग्रॅममध्ये ३७२ एमएएच मावतात, सिलिकॉनमध्ये ३,५०० हून अधिक. मात्र लिथियम घेताना सिलिकॉन तिपटी-चौपटीने फुगते आणि वर वर्णिलेला पापुद्रा वारंवार फाटतो. म्हणून ते कार्बनमध्ये मिसळून वापरतात. असे सिलिकॉन-कार्बन घट २०२३ पासून फोनमध्ये आले असून त्यांच्यामुळे तेवढ्याच जाडीत ६,००० ते ७,००० एमएएच बसू लागले आहेत. मोठ्या बॅटरीचा एक फायदा जाहिरातीत सहसा येत नाही : रोजचा खर्च तोच राहिला तर वर्षाकाठी आवर्तनेही कमी भरतात.