संप्रेरक औषधांची सुरक्षित हाताळणी (ग्रामीण विदर्भ)

संप्रेरके (हार्मोन) किंवा त्यांच्यासारखे काम करणारी औषधे रुग्णाला देताना, मोजताना, सिरिंजमध्ये भरताना अथवा त्यांचा कचरा उचलताना ती आरोग्य कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या शरीरात जाऊ नयेत, यासाठी पाळायची कार्यपद्धती. रुग्णासाठी औषधाचा परिणाम हवासा असतो. तेच औषध हाताळणाऱ्याच्या अंगात थोडे थोडे जात राहिले, तर त्याचा काही उपयोग नसतो आणि अपाय मात्र होऊ शकतो.

सगळीच संप्रेरके या अर्थाने धोकादायक नाहीत. मधुमेहाचे इन्सुलिन किंवा थायरॉइड संप्रेरकाच्या गोळ्या यांत मोडत नाहीत. कामाच्या ठिकाणच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेतील नायॉश या संस्थेने २००४ मध्ये धोकादायक औषधांबाबत इशारा दिला. तिच्या २०१६ च्या यादीत केमोथेरपीच्या औषधांबरोबर इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, टेस्टोस्टेरॉन, मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, मिसोप्रोस्टॉल, ऑक्सिटोसिन, टॅमॉक्सिफेन आणि फिनास्टेराइड हीही औषधे होती. यादीत नाव आले म्हणजे सर्वांना सारखाच धोका, असे मात्र नाही. ऑक्सिटोसिनबाबत ती सूचना गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीतील कर्मचाऱ्यांपुरती होती. हे औषध रक्तात काही मिनिटांतच निकामी होते आणि गिळले तर पोटात पचून जाते. मिसोप्रोस्टॉलचे तसे नाही. ते गर्भाशय आकुंचित करते आणि गर्भात व्यंग निर्माण करू शकते.

धोका केवळ कल्पनेतला नाही. १९७० च्या दशकात पोर्तो रिकोमधील गर्भनिरोधक गोळ्यांच्या कारखान्यात पुरुष कामगारांची छाती वाढल्याचे आणि स्त्री कामगारांना दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत रक्तस्राव होत असल्याचे आढळले होते. तिथे हवेत भुकटी उडत होती. उपकेंद्रात तेवढी भुकटी कधीच नसते. पण औषध अंगात शिरण्याच्या वाटा त्याच: श्वास, त्वचा, तोंड आणि टोचलेली सुई.

विदर्भात हा विषय दूरच्या मोठ्या रुग्णालयांपुरता राहत नाही. 'अंतरा' हे दर तीन महिन्यांनी द्यायचे गर्भनिरोधक इंजेक्शन म्हणजे १५० मिलिग्रॅम मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी सिस्टर ऑक्सिटोसिनचे १० युनिट स्नायूत देतात. मेळघाटात किंवा भामरागडकडे बाळंतपण घरीच झाले, तर त्याच कामासाठी मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या तीन गोळ्या वापरता येतात. स्तनाच्या कर्करोगावर नागपूर किंवा सेवाग्रामला उपचार घेऊन गावी परतलेली बाई पुढची पाच वर्षे, कधी त्याहून अधिक, टॅमॉक्सिफेन घेत असते. ही औषधे हाताळणाऱ्या एएनएम (उपकेंद्रातील परिचारिका), आशाताई, स्टाफ नर्स या बहुतेक स्त्रिया असतात, आणि त्यांतल्या कितीतरी मूल होण्याच्या वयाच्या. नियमावली लिहिताना नेमकी हीच गोष्ट विसरली जाते.

पाकिटातली अखंड, वेष्टन चढवलेली गोळी हातात घेतल्याने फारसे काही होत नाही. तीच अर्धी केली, खलात कुटली किंवा पाण्यात विरघळवली की प्रश्न सुरू होतो. गिळता न येणाऱ्या म्हाताऱ्या रुग्णासाठी प्रोस्टेटची फिनास्टेराइडची गोळी कुटून देणे सहज घडते. गरोदर स्त्रीने तिचा तुकडा किंवा चुरा हाताळू नये, कारण पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीवर त्याचा परिणाम होऊ शकतो. गोळी फोडावीच लागली, तर हे काम गरोदर नसलेल्या सहकाऱ्याने करावे. त्या वेळी हातमोजे आणि मास्क घालावा, पंखा बंद ठेवावा.

ही गोष्ट कापूस पिकवणाऱ्या मुलखाला वेगळी समजावून सांगावी लागू नये. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. विष पोटातूनच जाते असे नाही, ते अंगावाटे आणि नाकावाटेही जाते, हे तेव्हापासून घरोघरी माहीत झाले. औषधाच्या चुऱ्याची मात्रा त्याच्या पासंगालाही पुरणार नाही. पण तत्त्व तेच आहे.

अंतराची व्हायल (औषधाची छोटी बाटली) टोचण्याआधी चांगली हलवावी लागते. सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढताना मात्र औषध हवेत उडवू नये. सुई व्हायलमध्येच असताना हवा मागे सारावी, नाहीतर सुईच्या टोकाशी कापसाचा बोळा धरावा. सुईला टोपण परत लावू नये. काम झाले की हात साबणाने पाण्याखाली धुवावेत. सॅनिटायझर जंतू मारतो, औषध निकामी करत नाही. उलट ते हातभर पसरवतो. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हाळ्यात घामाने चिकटणारे हातमोजे कोणालाच नको वाटतात, हे खरे. म्हणून निदान गोळी फोडताना आणि सांडलेले पुसताना तरी ते घालावेत, एवढा आग्रह व्यवहार्य ठरतो.

सांडलेले औषध कोरड्या झाडूने लोटू नये. ओल्या कापडाने टिपून जागा साबणाच्या पाण्याने धुवावी. गोळ्या मोजायच्या टेबलावर जेवणाचा डबा उघडू नये. आशाताईंची औषधपेटी घरातच असते, तेव्हा ती लेकरांच्या हाती लागणार नाही अशी उंचावर आणि कुलपात हवी.

कचऱ्यासाठी २०१६ चे जैववैद्यकीय कचरा नियम लागू आहेत. मुदत संपलेल्या गोळ्या पिवळ्या पिशवीत, रिकामी काचेची व्हायल निळ्या खुणेच्या डब्यात, सुई आरपार जाणार नाही अशा पांढऱ्या डब्यात. उरलेल्या गोळ्या चुलीत टाकणे किंवा उपकेंद्रामागे पालापाचोळ्याबरोबर पेटवणे हे या नियमांत बसत नाही.