न उच्चारलेला दुवा : युक्तिवादाचे अवयव आणि पुण्याचं व्यासपीठ

वक्तृत्व स्पर्धेची तयारी करून घेताना भर असतो तो पाठांतरावर, आवाजाच्या चढउतारावर आणि शेवटच्या टाळ्या घेणाऱ्या ओळींवर. युक्तिवाद कशाकशाचा बनतो, हे सांगायचं बहुधा राहूनच जातं. त्याचं उत्तर देणाऱ्या दोन प्राचीन परंपरा आहेत, आणि एकोणिसाव्या शतकातल्या सुशिक्षित पुणेकराला दोन्ही जवळच्या होत्या.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने मन वळवण्याची तीन साधनं सांगितली : एथॉस म्हणजे वक्त्याची विश्वासार्हता, पॅथॉस म्हणजे श्रोत्यांच्या भावना आणि लोगॉस म्हणजे युक्तिवाद. यातल्या एथॉसबद्दल हमखास गैरसमज होतो. आधीची कीर्ती त्याने यात धरलीच नाही. वक्त्याची समज, सचोटी आणि श्रोत्यांविषयीची सद्भावना भाषणातूनच दिसायला हवी, असं तो म्हणतो. म्हणून स्वतःच्या पदव्या सांगण्यापेक्षा विरोधकाचा मुद्दा त्यालाही पटेल असा आधी मांडणं जास्त उपयोगी पडतं. त्याचं आणखी एक निरीक्षण फार मोलाचं आहे : भाषणात सगळी विधानं उच्चारायची नसतात. श्रोत्यांना आधीच मान्य असलेलं विधान गाळलं, तर ते श्रोता स्वतःच मनात भरतो.

न्यायदर्शनाची, म्हणजे तर्कविचाराच्या प्राचीन भारतीय परंपरेची रीत याच्या नेमकी उलट, काहीही न गाळण्याची. न्यायसूत्रांत अनुमान दुसऱ्याला पटवण्यासाठी पाच अवयव दिले आहेत : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर अग्नी आहे. कारण धूर आहे. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात. या डोंगरावरही तसाच धूर आहे. म्हणून इथे अग्नी आहे. तिसऱ्या पायरीतला सर्वसाधारण नियम, ज्याला पुढे व्याप्ती म्हटलं गेलं, तोच सगळा भार पेलतो. बौद्ध तार्किकांनी अवयव कमी केले, पण या नियमाला सुट्टी दिली नाही. १९५८ साली स्टीफन टूलमिन या ब्रिटिश तत्त्वज्ञानेही दावा आणि आधार यांना जोडणारा दुवा वेगळा काढून दाखवला, तो याच जागेवरचा.

न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि १८८८ मध्ये आगरकरांचं ‘सुधारक’ ही वृत्तपत्रं निघाली. या व्यासपीठांवरचे वाद जोरदार होते, पण नीट पाहिलं तर भांडण बहुतेकदा दुव्याचं होतं. संमतिवयाचा १८९१चा कायदा घ्या. त्याने मुलीशी, पत्नी असली तरी, शरीरसंबंधासाठीची तिच्या वयाची अट १० वरून १२ वर नेली. रा. गो. भांडारकरांनी धर्मशास्त्राच्या वचनांवरून सुधारणेला आधार आहे असं दाखवलं. टिळकांनी त्या वचनांचा अर्थ वेगळा लावला. इथपर्यंत दोघांचा दुवा एकच : शास्त्र प्रमाण. टिळकांचा दुसरा मुद्दा मात्र निराळ्या नियमावर उभा होता, की परक्या सरकारने आमच्या सामाजिक चालीरीतींत कायद्याने हात घालू नये. आगरकरांनी शास्त्र प्रमाण हा दुवाच नाकारला आणि बुद्धीला व मुलीच्या हिताला प्रमाण मानलं. त्यामुळे शास्त्रवचनांच्या कितीही राशी घातल्या तरी आगरकरांना उत्तर मिळत नव्हतं, आणि आगरकरांच्या युक्तिवादाने शास्त्रीपक्ष हलत नव्हता. या वादाचे नुसते निष्कर्ष शिकवले जातात, याची खंत वाटते. दुवे शोधायला इतका चांगला पाठ दुसरा नाही.

आजचा विषय घेऊ : “आमच्या चौकात उड्डाणपूल नको.” हेतू : “पुलाने कोंडी सुटत नाही.” उदाहरण म्हणून वक्ता सांगतो, “विद्यापीठ चौकातला पूल २०२० साली पाडावाच लागला.” टाळ्या पडतात. पण तो पाडून त्याच जागी मेट्रोसह दुमजली पूल उभारायला घेतला, त्यामुळे या उदाहरणातून फार तर ‘तो पूल गैरसोयीचा होता’ एवढंच निघतं. ‘पूलच नको’ हे नाही. नियम अरुंद करून पाहा : पूल पुढच्या सिग्नलच्या अगदी अलीकडे उतरत असेल, तर कोंडी तिथे सरकते. आता उपनय देणं भाग पडतं : आमच्या चौकातला उतार पुढच्या सिग्नलपासून किती मीटरवर येतो, आणि गर्दीच्या वेळी तिथली रांग किती लांब असते? रांग त्या अंतरापेक्षा लांब असेल तर युक्तिवाद उभा राहतो, नाहीतर पडतो. स्पर्धेत सर्वांत जास्त गाळला जातो तो हाच चौथा अवयव, कारण त्यासाठी चौकात जाऊन टेप धरावी लागते.

भावनेचा वापर गैर नाही. ॲरिस्टॉटल प्रत्येक भावनेबद्दल तीन गोष्टी तपासतो : ती कोणत्या मनःस्थितीत येते, कोणाबद्दल येते, कशामुळे येते. अडकलेल्या रुग्णवाहिकेचं वर्णन हेतूनंतर आलं तर त्याला वजन देतं. हेतूच्या जागी आलं तर प्रतिपक्षाने एकच विचारायचं : रुग्णवाहिका पुलाअभावी अडकली की पुलामुळे?

खंडनाच्या फेरीत गडबड होते ती बहुधा प्रतिज्ञेत. न्यायसूत्रांत वादात हरल्याच्या २२ खुणा, म्हणजे निग्रहस्थानं, मोजली आहेत. त्यात प्रतिज्ञांतर आहे : अडचणीत आल्यावर मूळ दावा हळूच बदलणं. “पूल नको” म्हणणारा प्रश्नोत्तरांत “आत्ता नको” म्हणू लागला, की परीक्षकाने तिथेच नोंद करावी. म्हणून प्रतिज्ञा पहिल्याच मिनिटाला शब्दशः लिहून घेतलेली बरी.