नाकातील भार (मॉडेल रॉकेट)

मॉडेल रॉकेट हवेत कोलांट्या न खाता सरळ जावे, म्हणून त्याच्या नोज कोनमध्ये, म्हणजे टोकाच्या पोकळ शंकूत, बसवलेले जादा वजन. हे वजन पुष्कळदा पाच-दहा ग्रॅमच असते. मातीचा एखादा गोळा किंवा मूठभरही न होणारे छर्रे. तेवढ्यावर रॉकेट आकाशात जाणार की माणसांच्या दिशेने वळणार, हे ठरू शकते.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ही कल्पना उलटी वाटते. गलबत कलंडू नये म्हणून नीरम, म्हणजे तोल राखणारे जड सामान, तळाशी भरतात. मग रॉकेटचे वजन वर कशाला? पण गलबताला खालून पाण्याचा आधार असतो, उडत्या रॉकेटला कशाचाच नसतो. हवेत सुटलेली वस्तू स्वतःच्या गुरुत्वमध्याभोवती, म्हणजे वजनाच्या तोलबिंदूभोवती, फिरते आणि गुरुत्वाकर्षणाचे बल त्याच बिंदूतून जाते, त्यामुळे ते रॉकेटला ना सावरते ना पाडते. सावरण्याचे काम हवाच करते. रॉकेट जरा तिरके झाले की बाजूने येणारी हवा त्याच्या अंगावर आणि फिनांवर, म्हणजे शेपटीच्या पंखांवर, रेटा देते. हा सगळा रेटा ज्या एका बिंदूवर एकवटला आहे असे मानता येते, तो दाबमध्य. दाबमध्य गुरुत्वमध्याच्या मागे असेल तर रेटा शेपटीला ढकलून पुन्हा रांगेत आणतो. तो पुढे असेल तर तोच रेटा तिरकेपणा वाढवत नेतो आणि रॉकेट गरकन फिरते. बॅडमिंटनचे फूल कसेही मारले तरी बूच पुढे करून येते, ते याच कारणाने: वजन बुचात, हवेचा रेटा पिसांवर.

खुद्द अमेरिकी रॉकेट-संशोधक रॉबर्ट गॉडर्ड यांनी १६ मार्च १९२६ रोजी उडवलेल्या पहिल्या द्रव-इंधन रॉकेटमध्ये इंजिन वर आणि टाक्या खाली होत्या. इंजिन वरून ओढत असेल तर रॉकेट लोलकासारखे सरळ राहील, अशी त्यामागची समजूत. पण रॉकेट कलले की इंजिनाचा जोरही त्याच्याबरोबर कलतो, त्यामुळे सरळ करणारे असे काही उरत नाही. गॉडर्ड यांनी पुढे इंजिन मागे नेले.

मॉडेल रॉकेटची अडचण अशी की त्याची सर्वांत जड वस्तू, मोटार, म्हणजे इंधन भरलेले नळकांडे, नेमकी शेपटीत असते. १८ मिमी व्यासाची नेहमीची सी६ जातीची मोटार साधारण २४ ग्रॅमची, तर २४ मिमीची डी१२ चाळीस ग्रॅमहून जास्त. एकाच रॉकेटमध्ये मोठी मोटार घातली की गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि काल सरळ गेलेले रॉकेट आज वेडेवाकडे जाते. म्हणून गुरुत्वमध्य नेहमी उड्डाणाच्या तयारीतल्या रॉकेटचा पाहायचा: मोटार, पॅराशूट, वॅडिंग (पॅराशूट जळू नये म्हणून घातलेला न पेटणारा कागद) सगळे आत भरून. रिकामे रॉकेट बोटावर तोलून समाधान मानणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे, आणि धोक्याचीही. इंधन जळत जाते तसा गुरुत्वमध्य पुढे येतो, म्हणजे रॉकेट उत्तरोत्तर अधिक स्थिर होते. खरी कसोटी लाँच रॉड, म्हणजे सुरुवातीला रॉकेटला सरळ धरणारी दांडी, सुटतानाच्या क्षणी असते. त्या वेळी वेगही जेमतेम असतो.

दाबमध्य बोटावर तोलून सापडत नाही. पूर्वी रॉकेटची बाह्याकृती पुठ्ठ्यातून कापून तिचा तोलबिंदू काढत. तो उत्तर जरा जास्तच सावध देतो आणि गरजेपेक्षा अधिक वजन घालायला लावतो. नासातील अभियंते जेम्स बॅरोमन यांनी १९६६ मध्ये मॉडेल रॉकेटवाल्यांसमोर मांडलेल्या सूत्रांनी हे काम कागद-पेन्सिलीच्या आवाक्यात आणले. आजची रॉकेट आरेखनाची सॉफ्टवेअर बहुतांशी त्यांच्याच आधाराने चालतात. सूत्रे रॉकेट सडपातळ आहे आणि फार तिरके झालेले नाही असे गृहीत धरतात, हे विसरू नये.

गुरुत्वमध्य दाबमध्याच्या किती पुढे आहे, हे नळीच्या व्यासाच्या पटीत मोजतात आणि त्या एककाला कॅलिबर म्हणतात. निदान एक कॅलिबर अंतर हवे, हा रूढ नियम. समजा, मोटारीसह १०० ग्रॅमच्या, २.५ सेंमी व्यासाच्या रॉकेटचा गुरुत्वमध्य टोकापासून ३४ सेंमीवर आणि दाबमध्य ३५ सेंमीवर आहे. अंतर अर्धा कॅलिबरसुद्धा नाही. गुरुत्वमध्य ३२.५ सेंमीवर आणायचा, म्हणजे दीड सेंमी पुढे. वजन टोकापासून ५ सेंमीवर बसवले तर १०० × १.५ भागिले २७.५, म्हणजे साधारण साडेपाच ग्रॅम पुरतात. तेच वजन २० सेंमीवर, नळीत बसवले तर १२ ग्रॅम लागतील. वजन जितके टोकाशी, तितके ते कमी लागते. या कामात यापेक्षा उपयोगाचा दुसरा हिशेब नाही. बाहेरचा आकार बदलत नसल्यामुळे दाबमध्य मात्र जागच्या जागी राहतो.

आखूड, जाड रॉकेटना बॅरोमन सूत्रे वाजवीपेक्षा अस्थिर ठरवतात, कारण त्यांच्या रुंद बुडामागे तयार होणारी ओढ सूत्रांत धरलेली नाही. लांबी व्यासाच्या दहापटीहून कमी असेल तर रॉकेटच्या मागे व्यासाच्या ३.१४ पट लांबीचा, वजन नसलेला शंकू जोडला आहे असे मानून दाबमध्य काढण्याची युक्ती प्रचलित आहे. त्यामुळे भार बराच कमी लागतो.

वजन म्हणून मॉडेलिंग क्ले, शिशाचे किंवा पोलादी छर्रे, वॉशर, टंगस्टनची लुकण असे काहीही चालते. शिसे दर घन सेंमीला ११.३ ग्रॅम भरते, टंगस्टन १९.३, बारीक टोकात जास्त वजन कोंबायचे असेल तिथे हा फरक जाणवतो. शिसे विषारी आहे, हाताळल्यावर हात धुवावेत. नोज कोन मात्र धातूचा नसावा: नाक, नळी आणि फिन हलक्या, अधातू साहित्याचेच असावेत, असे अमेरिकेतील नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीची सुरक्षा संहिता सांगते.

वजन घालण्यापेक्षा ते पक्के बसवणे अवघड. पॅराशूट बाहेर फेकणाऱ्या स्फोटाने नोज कोन उडतो आणि शॉक कॉर्डच्या, म्हणजे त्याला नळीशी बांधणाऱ्या दोरीच्या, टोकाला हिसका खाऊन थांबतो. आतले सैल वजन त्या हिसक्याने निसटते. छर्रे एपॉक्सीत (घट्ट होणाऱ्या चिकट डिंकात) भिजवून टोकात ओततात, पण पुष्कळ नोज कोन पॉलिथिनचे असतात आणि एपॉक्सी त्याला चिकटत नाही. मग आतून पॉलिश पेपर मारून शंकूच्या आरपार एक लाकडी काडी घालतात, म्हणजे घट्ट झालेला गोळा तिच्यात अडकून राहतो. एपॉक्सी सुकताना तापते. एकदम जास्त ओतली तर पातळ प्लॅस्टिक वितळून टोक वाकडे होते, म्हणून नोज कोन पाण्याच्या पेल्यात उलटा धरून थोडी थोडी ओतावी. प्रत्येक उड्डाणाआधी तो कानाशी धरून हलवावा. खुळखुळला तर रॉकेट उडवू नये.

शंका उरलीच तर दोरीची चाचणी आहे. सज्ज रॉकेटच्या गुरुत्वमध्याशी दोन-तीन मीटर दोरी बांधून, चिकटपट्टीने ती जागेवर धरून, रॉकेट डोक्यावर गरागरा फिरवायचे. नाक पुढे ठेवून फिरले तर ते स्थिर आहे. चाचणी कडक आहे. प्रत्यक्षात नीट उडणारी काही रॉकेटही तिच्यात नापास होतात.

जास्त भाराचे तोटेही आहेत. रॉड सोडताना वेग कमी भरतो, पॅराशूट मोठे लागते, उंची सहसा घटते. फार हलक्या रॉकेटला मात्र थोड्या वजनाने उंची मिळते, कारण इंधन संपल्यावर ते हवेला चिरत पुढे जाऊ शकते. अंतर दोन कॅलिबरच्या बरेच पुढे गेले तर रॉकेट वातकुक्कुटासारखे वारा येतो त्या दिशेला तोंड फिरवते आणि तिरके दूर जाते. फिन मोठे करणे हा दुसरा उपाय, आणि स्वतःच्या आरेखनात तोच आधी करून पाहावा. पण खऱ्या अग्निबाणांच्या हुबेहूब प्रतिकृतींत ती मुभा नसते. सॅटर्न ५ सारख्या अग्निबाणांचे फिन अगदी लहान, कारण त्यांची दिशा वळणारी इंजिने सांभाळतात. अशा प्रतिकृतींना एकतर पारदर्शक प्लॅस्टिकचे जादा फिन लावतात, नाहीतर नाकात भार घालतात.