खुर्ची, गणवेश आणि मागे उभा असलेला माणूस

गणपतीत बडोद्याच्या दांडिया बाजारात एखाद्या कॉलेजच्या पोराच्या दंडाला स्वयंसेवकाची पट्टी बांधा, गळ्यात शिट्टी अडकवा. तासाभरात तो शेजारच्या काकांनाही "ओ, मागे सरका" म्हणून हटकायला लागतो. अंगावर अधिकार चढला की माणूस बदलतो, हे बडोदेकरांना नवं नाही. पाठ्यपुस्तकांत मात्र ही गोष्ट पोचली ती एका तळघरातून.

ऑगस्ट १९७१. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात फिलिप झिम्बार्डो यांनी मानसशास्त्र विभागाच्या तळघरात खोटा तुरुंग उभारला. वर्तमानपत्रात जाहिरात देऊन, रोजचे १५ डॉलर कबूल करून २४ धडधाकट तरुण निवडले. कैदी कोण आणि पहारेकरी कोण, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं नशिबावर ठरलं. कैद्यांना खऱ्या पोलिसांनी घरून उचललं. मग अंगात लांब झगा, डोक्यावर नायलॉनच्या मोज्याची टोपी, पायात साखळी, नावाऐवजी नंबर. पहारेकऱ्यांना खाकी कपडे, दंडुका आणि डोळे दिसू न देणारा आरशासारखा चष्मा. दुसऱ्याच दिवशी कैद्यांनी दाराला खाटा लावून बंड केलं; पहारेकऱ्यांनी आग विझवायच्या नळकांड्याचा फवारा मारून ते मोडलं. पुढे गाद्या काढून घेणं, मध्यरात्री उठवून हजेरी, हाताने संडास साफ करायला लावणं. दोन आठवड्यांचा बेत सहा दिवसांत आवरावा लागला. हे थांबवा, असं झिम्बार्डोंना सुनावणाऱ्या क्रिस्टीना मास्लाक पुढे त्यांच्या पत्नी झाल्या.

चांगली माणसंसुद्धा भूमिकेपायी क्रूर होतात, हा यातून काढलेला निष्कर्ष अनेक वर्षं शिकवला गेला. मला तो अर्धाच वाटतो. झिम्बार्डो स्वतःच तुरुंगाधीक्षक होऊन बसले होते. प्रयोगाच्या आदल्या दिवशीच्या बैठकीत त्यांनी पहारेकऱ्यांना सांगितलं होतं की मारहाण नको. पण कंटाळा आणि धास्ती निर्माण करा, सगळा ताबा आपल्या हातात आहे असं कैद्यांना वाटू द्या. फ्रेंच संशोधक तिबो ल तेक्सिए यांनी या प्रयोगाची जुनी कागदपत्रं आणि टेप तपासून २०१९ मध्ये लेख छापला. जरा मवाळ वागणाऱ्या पहारेकऱ्याला 'जेलर' झालेला विद्यार्थी कडक वागण्याचा आग्रह करतो, हेही त्या टेपमध्ये आहे. म्हणजे पोरं आपोआप बिघडली नाहीत, त्यांना शिकवलं गेलं.

याआधीचा, १९६१चा येल विद्यापीठातला स्टॅनली मिलग्रम यांचा प्रयोगही हेच सुचवतो. प्रयोग घेणाऱ्याच्या हुकमावरून पलीकडच्या खोलीतल्या माणसाला विजेचे झटके देतोय असं समजून ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. (झटके खोटे होते.) पण हुकूम देणारा खोलीबाहेर जाऊन फोनवरून बोलू लागला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे पाचात एकच उरले.

आता आपल्या बडोद्याचं बघा. इथले राजे खंडेराव गायकवाड यांनी कटाच्या आरोपावरून भाऊ मल्हाररावांना १८६३ मध्ये पादरा गावी कैदेत टाकलं. १८७० मध्ये खंडेराव वारले आणि कैदी थेट गादीवर बसला. तुरुंग आतून पाहिलेल्या माणसाने तरी कैद्यांशी बरं वागावं? तसं झालं नाही. खंडेरावांचे मंत्री भाऊ शिंदे तुरुंगात गेले आणि तिथेच मेले. जुन्या सरदारांना लुबाडलं गेलं. पुढे इंग्रजांचे दरबारातले प्रतिनिधी (रेसिडेंट) कर्नल फेअर यांना विष देण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप मल्हाररावांवर आला. चौकशी आयोगात तीन इंग्रज आणि तीन हिंदी सदस्य होते, मतं फुटली, तरी इंग्रज सरकारने गैरकारभाराच्या मुद्द्यावर १८७५ मध्ये मल्हाररावांना काढून मद्रासला पाठवलं.

त्याच गादीवर त्याच वर्षी खंडेरावांच्या विधवा जमनाबाईंनी दत्तक घेतलेला, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा बारा वर्षांचा मुलगा गोपाळराव आला. हेच सयाजीराव. दोघांचे स्वभाव वेगळे होते, तेव्हा याला प्रयोग म्हणता येणार नाही. पण पोराला अचानक राजवाडा आणि मुजरे मिळाले, तरी अधिकार लगेच मिळाला नाही. एफ. ए. एच. इलियट शिकवायला नेमले गेले, कारभार दिवाण टी. माधवरावांकडे राहिला. राजाने मर्जीने नाही तर नियमाने वागावं, प्रजेसाठी राज्य चालवावं, अशी व्याख्यानंच माधवरावांनी त्याला दिली. पूर्ण अधिकार हाती आले ते १८८१च्या डिसेंबरात, म्हणजे सहा वर्षांच्या शिकवणीनंतर. स्टॅनफर्डच्या पहारेकऱ्यांना एका बैठकीत शिकवलं गेलं, तेही कैद्यांना धास्ती कशी घालायची ते.