केनिया सफारीला पहिल्यांदाच निघताय? आधी पिवळं कार्ड, मग तिकीट

मसाई मारा, म्हणजे केनियातलं प्रसिद्ध अभयारण्य, त्याच्या चौकशीचा फोन आला की पहिला प्रश्न हमखास "क्रॉसिंग नक्की कधी दिसेल" (विल्डबीस्ट नावाच्या मोठ्या हरणांचे कळप नदी ओलांडतात ते) आणि दुसरा "पर हेड किती". लसीचं कोणीच विचारत नाही आणि दरवर्षी आमचं गाडं नेमकं तिथेच अडतं, म्हणून यंदा हे सगळं एकदाच लिहून काढलंय. बुकिंग आमच्याकडे करा नाहीतर दुसरीकडे, पण हे वाचून मग करा.

तर यलो फिव्हर, म्हणजे पिवळा ताप. लोक नेटवर बघतात, तिथे लिहिलेलं असतं की भारतातून केनियाला जाणाऱ्यांना ही लस सक्तीची नाही, आणि ते चुकीचं नाहीये. केनिया ही लस पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशांतून येणाऱ्यांकडेच मागतो आणि भारत त्या देशांत येत नाही. पण लस घेतल्याचं पिवळं कार्ड मागतं ते आपलं सरकार, तेही परत येताना! आपल्याकडे हा रोग नाही, पण तो पसरवणारा एडिस डास, तोच डेंग्यूवाला, आपल्या कुंडीखालच्या ताटलीतसुद्धा सापडतो. एक माणूस ताप घेऊन उतरला तर पुढचं काम डास करतील, म्हणून सरकार याबाबतीत अजिबात ढील देत नाही आणि आमच्या मते ते बरोबरच आहे. मुंबईत उतरलात की इमिग्रेशनच्या आधीच हेल्थवाल्यांचा काउंटर लागतो, तिथे कार्ड दाखवायचं. नसेल किंवा चुकीचं असेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. मुलांची शाळा, तुमची रजा, घ्यायला आलेली गाडी, सगळं बाहेर आणि तुम्ही आत.

कार्ड लागू होतं लस घेतल्यापासून दहा दिवसांनी. इथे काहीजण हिशोब मांडतात की आज लस घेतली, चार दिवसांनी निघालो, आठ दिवस फिरलो, म्हणजे परत येईपर्यंत बारा दिवस होतात की! कागदावर जमतं हो, पण मग तिथले पहिले काही दिवस तुमच्या अंगात पुरेसं संरक्षणच नसतं, आणि जाताना चेक-इन काउंटरवर कार्ड मागितलं तर तारखेवरून वाद घालत बसावं लागतं. लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी झालीच पाहिजे, आम्ही तर दीड महिना आधी सांगतो. कारण ही लस फॅमिली डॉक्टरकडे मिळत नाही, सरकारमान्य केंद्रावरच जावं लागतं. मुंबईत एअरपोर्ट हेल्थ आणि पोर्ट हेल्थची केंद्रं आहेत, गोव्यात मुरगाव पोर्टला आहे, बाकीच्यांसाठी तुमच्या गावाहून सोयीचं कुठलं ते आम्ही सांगतो. लसीची कुपी एकदा उघडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून बऱ्याच केंद्रांवर ठराविक वार आणि मोजकेच नंबर असतात, सुट्ट्यांच्या तोंडावर गेलात तर पुढची तारीख मिळते आणि तुमची फ्लाइट काही पुढची तारीख घेत नाही. एकदा घेतलेली लस मात्र आयुष्यभर चालते, २०१६ पासून तसा नियमच झालाय, त्यामुळे कार्डावर जुनी दहा वर्षांची मुदत छापलेली असेल तरी घाबरू नका.

आजी-आजोबांना घेऊन जाणाऱ्यांनी हे नीट वाचा. साठीच्या पुढे पहिल्यांदाच ही लस घ्यायची असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं. अंड्याची ॲलर्जी, गरोदरपण, केमो किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, नऊ महिन्यांच्या आतलं बाळ, यातलं काहीही असेल तर ते आम्हाला पहिल्याच फोनवर सांगा. डॉक्टर "लस देता येत नाही" असं पत्र देतात, पण पत्र असलं तरी परतल्यावर वेगळं ठेवलं जाऊ शकतं, त्यामुळे हा निर्णय पैसे भरायच्या आधीचा आहे, नंतरचा नाही.

कार्ड हातात आलं की तिथेच उभं राहून वाचा. मागच्या वर्षी साताऱ्याचे एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या मिसेस आमच्या ग्रुपमध्ये होत्या. काकांनी व्हॉट्सॲपवर कार्डाचा फोटो पाठवला, सगळं ठीक दिसत होतं, शिक्का होता, बॅच नंबर होता, तारीख होती. आमच्या ऑफिसमधल्या मुलीने पासपोर्टची झेरॉक्स शेजारी ठेवून एकेक आकडा बोटाने जुळवला तर शेवटून दुसरा आकडा ८ च्या जागी ३ होता, घाईत लिहिताना झालेली चूक. काका दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने मुंबईला गेले आणि दुरुस्ती करून सही-शिक्का घेऊन आले. तेव्हा निघायला तीन आठवडे होते म्हणून निभावलं. तसंच कार्डावर तुमची स्वतःची सही लागते, ती पुष्कळांची राहून जाते. आणि मधे पासपोर्ट रिन्यू केला असेल तर कार्डावर जुना नंबर असतो, म्हणून जुना पासपोर्टही सोबत ठेवा.

म्हणूनच आमच्याकडे नियम आहे की सगळ्या मेंबर्सच्या कार्डांचे फोटो आल्याशिवाय आम्ही विमानाचं तिकीट काढत नाही. यावर लोक चिडतात, तोवर भाडं वाढतं म्हणतात, दुसरा एजंट लगेच काढून देतोय म्हणतात. भाडं थोडं वाढतं कधीकधी, ते आम्हीही बघतो. पण लॉजची रूम आम्ही टोकनवर आधीच धरून ठेवतो, ती जात नाही, आणि एका माणसाच्या कार्डामुळे चौघांची तिकिटं बदलायची वेळ आली की जो खर्च होतो त्यापुढे हे भाडं काहीच नाही. हा नियम केल्यापासून आमचा एकही पाहुणा त्या हेल्थ काउंटरवर अडकलेला नाही. व्हिसाची कटकट तशी कमी झालीय, २०२४ च्या जानेवारीपासून केनियाने व्हिसा काढून टाकला आणि त्याऐवजी ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची आगाऊ परवानगी, आणलं, ते आम्हीच भरून देतो. पासपोर्ट सहा महिने व्हॅलिड हवा.

आता क्रॉसिंग. विल्डबीस्टचे प्रचंड कळप आणि त्यांच्यासोबत झेब्रे, साधारण जुलै ते ऑक्टोबर मारामध्ये असतात, पण नदी कोणत्या दिवशी ओलांडतील हे कोणीही सांगू शकत नाही, जो गॅरंटी देतो त्याच्यापासून लांब राहा. कळप काठावर येतो, पुढचे पाच-पन्नास खाली उतरतात, पाण्याला नाक लावतात, मागचे रेटा देत असतात, धुळीने समोरचं दिसत नाही, तुम्ही दोन तास कॅमेरा धरून बसलेले असता आणि एक झेब्रा दचकतो की अख्खा कळप माघारी! म्हणून मारामध्ये किमान तीन रात्री, जमलं तर चार. सहा रात्रींत अंबोसेली, नैवाशा, नाकुरू, मारा सगळं बसवून द्या म्हणणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो, कारण नैरोबीहून नारोकमार्गे मारालाच पाच-सहा तास लागतात, मग जनावरं कमी आणि हायवेच जास्त बघून होतो. बजेटचं म्हणाल तर पार्कची एंट्री २०२४ पासून जानेवारी ते जून माणशी दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर आहे, आमच्या दोन सीझनच्या रेटमधला मोठा फरक तोच. सिंह-चित्ते बारा महिने तिथेच असतात, तेव्हा क्रॉसिंगचा हट्ट नसेल तर फेब्रुवारी-मार्च अवश्य विचारात घ्या.

गाडी आम्ही लँड क्रूझरच देतो, सहाच माणसं, प्रत्येकाला खिडकी. सिंहाजवळ एका वेळी पाचच गाड्या थांबू शकतात, त्यामुळे ड्रायव्हर "चला" म्हणाला की चला, त्याच्याशी वाद घालू नका, दंड त्याला होतो.

दोन-चार जण दबक्या आवाजात शिकारीचं विचारतात. केनियात शिकारीला १९७७ पासून बंदी आहे. साऊथ आफ्रिका, नामिबियात परवान्यावर कुडू, इंपाला वगैरेंची शिकार चालते, पण ते काम आम्ही करत नाही आणि करणारही नाही.

सामानात पहिलं म्हणजे प्लास्टिक. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरी बॅग बंद आहेत, दंड जबर आहे, आणि आपली बॅग उघडली की त्यात चिवडा, चकली, मेतकूट सगळं पिशव्यांत गुंडाळलेलं. स्टीलचे डबे न्या, कापडी पिशव्या न्या. पाण्याच्या डिस्पोजेबल बाटल्या पार्कमध्ये चालत नाहीत, स्वतःची बाटली ठेवा. दुसरं म्हणजे स्वेटर. आफ्रिका म्हणजे ऊन असं धरून लोक सुती कपडे घेऊन येतात आणि मारा दीड हजार मीटरच्या वर आहे, जुलैतल्या पहाटे उघड्या गाडीत दात वाजतात. नैरोबीहून छोट्या विमानाने जाणार असाल तर हँडबॅग धरून १५ किलो, तेही मऊ बॅगेत, कडक सुटकेस घेतच नाहीत. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून. जेवणाची चिंता नको, केनियात चपाती घरोघरी होते आणि व्हेज, जैन सगळं आम्ही आधीच कळवून ठेवतो.

जुलै-ऑगस्टसाठी विचार असेल तर जानेवारीतच फोन करा, आणि फोनवर तीन गोष्टी तयार ठेवा, प्रत्येकाचं वय, पासपोर्ट कधी संपतो आणि लस घेतलेली आहे का. एवढं कळलं की रेट आणि तारखा आम्ही त्याच दिवशी पाठवतो.