वापरलेला डीपीएफ घेताय? पिकअपवाल्यांसाठी थोडी माहिती

डीपीएफ, म्हणजे डिझेल गाडीच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टरचा डबा, जाम झाला, गाडी ओढत नाही, नवीन घ्यायचा तर खिशाला झेपत नाही, म्हणून आमच्या भोसरीच्या गाळ्यात रोज कुणी ना कुणी जुना डबा शोधत येतं. जुना डबा चांगला चालतो, आम्ही तोच विकतो. पण माल दाखवण्याआधी आम्ही एक प्रश्न विचारतो: पहिला का गेला?

इंजेक्टर गळतोय, टर्बो ऑइल फेकतोय, ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) अडकलाय, अशा गाडीला दुसरा डबा लावला की तोही भरतो आणि पैसे दोनदा जातात. कधी तर डबा ठणठणीत असतो, दोष प्रेशर सेन्सरचा किंवा त्याच्या तडकलेल्या नळीचा निघतो. चावी चालू, इंजिन बंद, अशा वेळी स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे आणि दोषाचे कोड दाखवणाऱ्या यंत्रावर) फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक शून्य दिसला पाहिजे. नसेल तर आधी सेन्सर आणि त्याची वायर बघा. डब्याच्या मानाने ते काम किरकोळ आहे.

काजळी जळते, राख जळत नाही

डब्यात साठलेली काजळी सुमारे 600 अंश सेल्सिअसला जळून जाते, त्यालाच आपण रिजन म्हणतो. राख मात्र इंजिन ऑइलमधून येते आणि कितीही रिजन केलं तरी आतच राहते. म्हणून जुना डबा घेताना तो किती किलोमीटर चाललेल्या गाडीचा आहे, हे विचारायलाच हवं. ज्याला ते सांगता येत नाही, त्याच्याकडून घेऊ नका. कुठल्या गाडीचा आहे याचा कागदही मागा. या डब्यांत प्लॅटिनमसारखे महागडे धातू असतात, त्यामुळे चोरीचा मालही बाजारात फिरतो.

जुळतो का, हे कसं ठरवायचं

दिसायला सारखा, म्हणजे जुळणारा नव्हे. बीएस-6, म्हणजे गाडीच्या धुराचं सरकारी प्रमाण, लागू झालं 1 एप्रिल 2020 ला आणि त्याचा दुसरा टप्पा 1 एप्रिल 2023 ला. त्याच मॉडेलच्या या दोन टप्प्यांतल्या गाड्यांचे डबे आणि सेन्सर वेगळे असू शकतात. काही डब्यांत फिल्टरवरच एससीआरचा, म्हणजे धुरातले नॉक्स (नायट्रोजनचे विषारी वायू) कमी करणारा, लेप असतो. तुमच्या गाडीला डीईएफ (त्यासाठी लागणारं युरियाचं पाणी) लागत असेल आणि तिचा डबा या प्रकारचा असेल, तर साधा डबा बसेल, पण नॉक्सचा कोड येत राहील.

म्हणून पार्ट नंबर बघा. तो डब्यावर ठोकलेला असतो, बरेचदा उष्णता अडवणाऱ्या पत्र्याखाली. वायर ब्रश हलका मारला की अक्षरं दिसतात. शेवटचं एक अक्षर जरी वेगळं असलं, तरी चेसिस नंबरवरून खात्री करून घ्या. त्यानंतर फ्लँजची (नळीला जोडणाऱ्या कड्याची) भोकं, सेन्सरच्या बसण्याच्या जागा आणि त्यांचे आटे जुन्या डब्याशेजारी ठेवून ताडून बघा. ‘भोकं वाढवून बसवतो’ असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. तिथून धूर गळतो आणि गाळलाच जात नाही.

नारायणगावहून मार्केट यार्डात टोमॅटो आणणारे एक काका दुसरीकडून घेतलेला डबा आमच्याकडे बसवायला घेऊन आले. वरून चकचकीत चंदेरी रंग. मी एका तोंडाला टॉर्च धरली, दुसऱ्या तोंडाशी तळहात धरला, तर हातावर उजेडाचा गोल पडला. चांगल्या डीपीएफची प्रत्येक नळी एका टोकाला बंद असते, उजेड आरपार येऊच शकत नाही. रंग खरवडला तर खाली वेल्डिंगचा टाका. आतलं सगळं काढून रिकामा पत्रा विकला होता. काका बराच वेळ त्या टाक्यावर बोट फिरवत बसले. असला डबा लावला की धूर थेट बाहेर जातो, आणि प्रदूषणाची मर्यादा मोडली तर मोटार वाहन कायद्याखाली 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यांची गाडी आम्ही तशी सोडली नाही.

घेताना बाहेरच्या तोंडात बोट घालून बघा. बोट काळं झालं तर आतली चीनीमाती तडकली आहे. डबा हलवून खडखड येते का तेही ऐका. आतून तेलकट असेल तर तो ऑइल पिणाऱ्या गाडीचा आहे, परत ठेवा.

बसवल्यावर

डबा बदलल्याचं इसीएमला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) स्कॅनरने सांगावं लागतं. पण ‘नवीन’ म्हणून राखेचा आकडा सरळ शून्य करू नका. जिथे सोय आहे तिथे मूळ गाडीच्या किलोमीटरप्रमाणे आकडा भरायचा, नाहीतर भरत आलेल्या डब्याला गाडी कोरा समजते. ऑइल कमी राखेचंच घाला, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं. गुलटेकडी ते हडपसर अशा तुटक फेऱ्यांत रिजन अर्धवट राहतं आणि त्यातलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर ते बदला. अधूनमधून हायवेला वीसेक मिनिटं एका वेगात गाडी चालवा, रिजन चालू असेल तर मध्ये बंद करू नका. त्या वेळी सायलेन्सर भयंकर तापतो, वाळलेल्या गवतावर किंवा पाचटावर गाडी उभी करू नका.

येताना आरसी, जुन्या डब्यावरच्या नंबरचा स्पष्ट फोटो आणि स्कॅनरवर आलेले कोड घेऊन या. जुना डबा काढला असेल तर तोही आणा.